खवल्यांसकट झुबैदी

काका उजव्या हाताने दोन्ही डोळे झाकायचे आणि नुसते ओठ हलवायचे. रोज सकाळी, आखातातल्या आमच्या हॉस्पिटलच्या बसमध्ये, खिडकीपाशी बसून. मला वाटायचं, डोकं दुखतंय. मी पडले नर्स. कुणी कपाळाला हात लावला की माझा हात पर्समधल्या गोळ्यांकडे जातो. काका गोळी घ्यायचे, "थँक यू गं बाई" म्हणायचे आणि खिशात टाकायचे. एक दिवस मी भडकले. "काका, एवढ्या गोळ्यांचं काय लोणचं घालता? डॉक्टरांना दाखवा की!" त्यांनी आधी मागच्या सीटवर कोण आहे ते पाहिलं आणि म्हणाले, "नंतर सांगतो."

"नंतर सांगतो" हे त्यांचं पालुपद. गाव कुठलं? नंतर सांगतो. सुट्टीत देवदर्शनाला कुठे गेला होतात? नंतर सांगतो. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण त्याला माणूसघाणा म्हणतो आणि सोडून देतो.

नाव मी इथेही लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. ते नाव असं होतं की अरबांना काका आपल्यातले वाटत आणि केरळच्या सिस्टरांनाही आपल्यातलेच वाटत. ईदला खजूर, नाताळला केक, दोन्ही काकांच्या टेबलावर. काका कुणाचाच गैरसमज दूर करत नसत. लॅबमध्ये शुक्रवारची ड्यूटी ते हौसेने मागून घ्यायचे, म्हणजे शनिवार मोकळा. नमाजाला जायला मिळतं म्हणून बाकीचे टेक्निशियन त्यांना दुवा द्यायचे. काका त्यानेही घाबरायचे. "फार दुवा देतात गं. कुणाला तरी संशय यायचा."

शेवटी त्यांनी सांगितलं ते सबाह अल-सालेम भागातल्या एका पार्किंगमध्ये. गाडीच्या काचा बंद, एसी फुल, रेडिओ चालू.

"मी बेने इस्राएल आहे. आपला कोकणातलाच, अलिबागकडचा. आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं."

"म्हणजे ज्यू?"

"हळू!" काका इतके दचकले की त्यांचा हात हॉर्नवर पडला.

डोळे झाकून ते सकाळची प्रार्थना म्हणत होते. "देव एकच आहे, एवढंच म्हणतो. इथे सगळे तेच म्हणतात. पण मी म्हटलेलं कसं चालायचं?" त्यात त्या दिवसांत टीव्हीवर रोज इस्राएलच्या युद्धाच्या बातम्या. लॅबबाहेरचा टीव्ही लागला की काका स्टोअररूममध्ये काहीतरी शोधायला जायचे. नोकरी जाईल, चौकशी होईल, विमानात बसवून देतील, की आणखी काही, हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. रिटायर होईपर्यंत निभावून न्यायचं, बस्स, एवढंच त्यांना हवं होतं.

एकदा बोलते झाल्यावर मात्र ते मला एका ग्रीक राजाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. दोन हजार वर्षांहून जुनी गोष्ट, पण काका ती अशी घाईघाईने सांगत, जणू गेल्या आठवड्यात इथे सालमियात घडली आहे. राजाने हुकूम काढला, शनिवार पाळायचा नाही, मुलांची सुंता करायची नाही, डुकराचं मांस खाऊन दाखवायचं. काहींनी खाल्लं. काहींनी मान पुढे केली. काहींनी दार लावून गुपचूप पाळलं. काकांचे पूर्वज जहाजात बसले, असं त्यांचे आजोबा सांगायचे.

"बाई, शिपाई तर परका. शनिवारी कुठल्या घरात चूल पेटत नाही, हे त्याला कसं कळणार? शेजारीच सांगणार ना! आमचे लोक राजाला भिऊन नाही पळाले, शेजाऱ्याला भिऊन पळाले."

"आणि तुम्ही यातले कुठले?"

"दार लावून पाळणारे. त्यांची नावं कुणी लिहून ठेवत नाही."

"बरं, आणि जहाज निघालं. मग पुढे?"

"नंतर सांगतो."

काका खैतानला राहायचे. त्यांच्या बिल्डिंगखाली इस्माईलभाईंचा बकाला, म्हणजे आपलं किराणा दुकान. इस्माईलभाई रायगडच्या किनाऱ्यावरचे, दिलदार आणि बडबडे. कुणी मराठी बोललं की त्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. एका ईदला त्यांनी काकांच्या घरी कोळंबीचा पुलाव पाठवला. काकांनी पित्ताचं कारण सांगून परत केला. आता तुम्हीच सांगा, कोकणातला माणूस आणि कोळंबी परत करतो? इस्माईलभाईंनी काही विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी ते स्वतः जिना चढून गेले आणि कागदात बांधलेली झुबैदी देऊन आले. झुबैदी म्हणजे इथलं पापलेट.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या वॉर्डात आले तेव्हा चेहरा पांढराफटक. मी आधी त्यांची नाडी पाहिली.

"त्याला कळलंय," ते म्हणाले.

"कशावरून? मासाच दिला ना, सुरी तर नाही दाखवली?"

"खवले ठेवून दिलाय. इथे कोण खवले ठेवून मासा देतं? ज्याला खवले नाहीत ते आम्ही खात नाही. गावात आमच्या घरी मासा देताना लोक असाच द्यायचे, आम्हाला बघून घेता यावं म्हणून."

"अहो, मग किती चांगला माणूस आहे!"

"चांगला आहे म्हणूनच भीती वाटते गं. वाईट माणूस जपून बोलतो. हा उद्या दुकानात चारचौघांत कौतुकाने बोलून जाईल." मी पुष्कळ समजावलं. काही उपयोग झाला नाही. त्यांनी वार्षिक रजा टाकली, बॅग भरली आणि गावी गेले. तिकडूनच राजीनामा पाठवला. मला एवढाच मेसेज आला: "पोचलो. फोन करू नकोस."

काही दिवसांनी मी मुद्दाम त्या बकाल्यात गेले. इस्माईलभाईंनी पहिलं तेच विचारलं, "आमचा काका कधी येतो?" मी मागे वळून दुकानात कोण आहे ते पाहिलं, आणि सांगितलं की आता येणार नाहीत. कारण सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने थांबवलं.

"माहीत आहे मला. कोळंबी परत केली तेव्हाच ओळखला होता. माझ्या आजीच्या शेजारी त्यांची घरं. कुणाला बोललो मी? बायकोला पण नाही बोललो." त्यांनी गल्ला बंद केला. "सिस्टर, यांचा जहाज फुटला तो आमच्याच किनाऱ्याला ना? मेलेल्यांना गावाने माती दिली, जिवंत होते त्यांना जागा दिली. मग हा मला बघून का पळाला?"

मला रडू येत होतं, आणि रागही येत होता, काकांचाच.

इस्माईलभाईंनी फ्रीझर उघडून तळातली झुबैदीची एक पिशवी काढली. "त्याच्यासाठी ठेवली होती. तुम्ही न्या आता." मग सुरी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "साफ करून देऊ?"

मी म्हटलं, "नको. आहे तशीच द्या."