दाताखालचा दाणा

आमच्या राइस मिलमधे दातमामाची उजवी दाढ म्हणजे हायकोर्ट. तिनं निकाल देल्ला की सेठचंही चालत नव्हतं. उकडलेलं धान मागच्या फरशीवर वाळू घातलं राहे. मामा वाकत, एक दाणा उचलत, दाढेखाली ठेवत अन डोळे बारीक करत. 'कट्ट' असा आवाज आला की म्हणत, "उचला गा!" आवाज दबका आला की म्हणत, "थांबा, अजून झोपून आहे." ओलं धान मशीनीत चेंदून जाते, जास्त वाळलं तर तांदूळ तुटून नुसती कनकी होते. म्हणून आमची सारी मिल त्या एका दाढेवर चाले.

मामा सौंदडचे. रोज सकाळच्या गाडीनं गोंदियाले येत. मी देवरीकडला. मिलमधे हमाल म्हणून लागलो तवा दोन हजार साल नुकतंच लागलं होतं. त्याच्या आधी मी होटेलातलं काम सोडलं, सायकलच्या दुकानातलं सोडलं, विटाभट्टी सोडली. काम सोडाची वेळ मले कधी शोधा लागली नाही, दर खेपेस मालकानंच सांगतली. मामानं पयल्या दिवशी विचारलं, "शाळा किती?"

"दुसरीत सोडली."

"मंग हुशार आहेस. काही लोकाईले बारावीपर्यंत समजत नाही."

मी खूश झालो. ते मले टोमणा हाणून राहिले होते, हे घरी गेल्यावर बायकोनं समजावून सांगतलं.

मामानं मले दाणा चावाले शिकवलं. पयल्याच दिवशी मी दाण्यासंगं खडा चावला अन दाताचा तुकडा हातात आला. मामा म्हणे, "धान चाव म्हटलं होतं गा, तुमच्या देवरीचा डोंगर नाही." त्यानंतर कितीक वर्षं मी दाणा चावे, पण निकाल सांगे मामाच्या तोंडाकडे पाहून. त्यायचे डोळे हसले की म्हणे, "झालं." एक दिवस त्यायनं धरलंच. "दाण्याकडे ध्यान दे! माह्या थोबाडावर काय धान वाळू घातलं आहे?"

असं करता करता एक दिवस मलेही तो आवाज ऐकू आला. माहं डोकं उशिरा चालते, पण चालते.

अन त्याच सुमारास मामाच्या दाढा गेल्या. पोरीनं त्यायले कवळी बसवून देल्ली. मामा असे चकचकीत दात घेऊन आले की आम्ही म्हटलं, "नवरदेव आला!" तेही हसले. पण कवळीखाली कोणताही दाणा 'कट्ट'च वाजे. मामानं दाणा चावला अन म्हटलं, "उचला गा." मीही चावला. धान चांगलं ओलं होतं. आता बारा हमालाईच्या समोर दातमामाले ओलं आहे म्हणून सांगाचं कोणी? माही हिंमत नाही झाली. मी नुसता खोकललो.

मामा थांबले. माह्याकडे पाहलं नाही. म्हणे, "थांबा, अजून झोपून आहे."

तवापासून तसंच चाललं. धान ओलं असलं की मी खोकले, वाळलं की चूप. आम्ही दोघं यावर एक शबूद बोललो नाही. पुरा एक हंगाम निघाला.

मंग दिवाळी झाली अन मले खरा खोकला झाला.

सकाळपासून खो-खो, खो-खो. मामा दाणा चावत, मी खोकले, मामा म्हणत, "थांबा." दुपार झाली, थांबा. ऊन उतरलं, थांबा. धान काचेसारखं कडक झालं. सांगाले तोंड उघडलं की त्यातूनही खोकलाच निघे. दुसऱ्या दिवशी मशीनीतून तांदूळ कमी अन कनकीच जास्त.

सेठ धावत आले. "मामा, ये क्या है? चावल कहाँ गया?"

मी म्हटलं, "सेठजी, मेरी खाँसी से हुआ."

"तेरी खाँसी से चावल टूटता है क्या, गधे?"

मामा जोरानं हसले. तोंडातली कवळी काढून दुपट्ट्यात बांधली अन बोळक्या तोंडानं म्हणे, "बराबर सांगून राहिला तो, सेठ. मी दाणा नाही, याचा खोकला ऐकून राहिलो होतो. चला, माही वेळ झाली."

सेठ नरमले. "अरे मामा, काम मत करो, बस बैठे रहो. तनखा चालू रहेगी."

"बसाले घरी खाट आहे, सेठ. इथं मी दाढ घेऊन आलो होतो. दाढ गेली, आता मी कायले?"

टेशनावर सोडाले मी गेलो. रडून राहिलो होतो, त्यात खोकला, लोकाईले वाटलं टीबी आहे. म्हटलं, "मामा, माह्यामुळं झालं."

"तुह्यामुळं काऊन? तू झाकलं म्हणून एक हंगाम जास्त राहलो. पण ध्यानात ठेव. काम सोडाची वेळ मालकानं सांगतली, म्हणजे उशीर झाला. तुले तेवढंच माहीत आहे. एखादवेळी आपल्या कानानं ऐकून पाह्य."

गाडी लागली. मामानं खिशातून एक दाणा काढून माह्या हातावर ठेवला. "चाव."

मी चावला अन सवयीनं त्यायच्या तोंडाकडे पाहलं. मामानं तोंड फिरवलं होतं.

"झालं," मी म्हटलं.

"मंग उचला गा," म्हणत मामानं सोताची पिशवी उचलली अन डब्यात चढले.

आता फरशीवर दाणा मी चावतो. माह्या जुन्या तुटक्या दातानंही आवाज बराबर येते. पण मागं कोणी खोकललं की मी पयले आणखी एक दाणा चावून पाहतो, मंग त्याले पाणी देतो.