कमानीतला खिळा

शैलजाताई वैद्य यांची आणि माझी पहिली भेट एका घराच्या मागच्या दारात झाली. वास्तुकला शिकून मी पुण्याहून सिंगापूरला, जुनी घरं जतन करणाऱ्या ताईंच्या हाताखाली नोकरीला आले. पहिल्याच आठवड्यात ताई मला काटोंग भागातला एक जुना बंगला दाखवायला घेऊन गेल्या. मी आपली कॅमेरा सरसावून समोरच्या कमानींकडे धावले. पाहते तो काय, ताई बागेतून वळसा घालून थेट स्वयंपाकघराच्या दारात! "पुढून घर नटूनथटून भेटतं गं," त्या म्हणाल्या, "ओळख मागच्या दारानंच होते." इतकी वर्षं झाली, पण कुठल्याही घरात त्या आधी पुढून शिरल्याचं मला आठवत नाही.

बंगला होता मिसेस लिम यांचा. लाल कौलं, पांढऱ्या भिंती, व्हरांड्याला गोल कमानी, सगळा थाट भूमध्य समुद्राकाठचा. नवरी म्हणून त्या इथे आल्या आणि आता एकट्याच उरल्या होत्या. घरात वाटा असलेले पुतणे बंगला विकायला टपले होते, कारण शेजारचे बंगले पाडून तिथे कॉन्डोच्या उंच इमारती उभ्या राहत होत्या. ताईंनी अर्ज केला होता; सरकारनं वारसावास्तू म्हणून घर जाहीर केलं तरच ते वाचणार होतं. नाहीतर म्हातारीनं या वयात जायचं कुठे?

जाणकार म्हणवणारे मात्र नाकं मुरडत होते. "स्पेनची नक्कल ती! त्यात कसला आलाय वारसा?" माझा नुसता संताप व्हायचा. ताई चष्मा पुसून पुन्हा घराच्या नकाशात डोकं घालायच्या.

अधिकारी पाहणीला येणार त्या सकाळी आमच्या महाराष्ट्र मंडळाची मंडळी अंगण झाडायला गेली. त्यात आमचे वसंतराव, बँकेतले, अतिशय सज्जन गृहस्थ. शुभकार्य आहे आणि दाराला तोरण नाही, हे काही त्यांना बघवेना. लिटल इंडियातून आंब्याची पानं ते आधीच घेऊन आले होते. कोणाला न विचारता त्यांनी मधल्या कमानीत खिळा ठोकला, आणि परातीएवढा गिलावा धाडकन खाली आला. नेमके तेव्हाच अधिकारी फाटकात! वसंतरावांच्या हातात हातोडी, गळ्यात तोरण. मला तर रडूच कोसळलं.

"घर पडायलाच आलंय की," एक अधिकारी म्हणाले.

ताईंनी शांतपणे स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि उघड्या पडलेल्या विटांवरून हात फिरवला. "या, तुम्हीही बघा. ही कमान शोभेची नाही. एकेक वीट कलती बसवली आहे, वरचा भार या कमानीनंच पेललाय." मग खाली उतरून म्हणाल्या, "नक्कल म्हणता ना? खरं स्पेनचं घर असतं तर ते स्पेननं जपलं असतं. हे बांधणाऱ्यांनी तो देश फक्त चित्रात पाहिला होता. इथला पाऊस बघून त्यांनी छप्पर पुढे काढलं, उकाड्यासाठी भिंतीत वर झरोके ठेवले. आम्ही इथे मिळेल त्या डाळीची पुरणपोळी करतो, ती काय खोटी असते? दुरून आलेल्या माणसांनी इथे घर कसं केलं, ते या भिंतीत आहे. हे पाडलंत तर ते पुन्हा कुठे बघायचं?"

अधिकारी एकेक करून स्टुलावर चढले आणि विटांचे फोटो काढू लागले.

वसंतराव तोंड लपवून बसले होते. ताईंनी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन स्वतःच्या हातानं चहा दिला. "तुमच्या खिळ्यानं माझं काम सोपं केलं हो! पण पुन्हा ठोकलात तर याद राखा." आजही हे सांगताना वसंतरावांचे डोळे भरून येतात.

काही महिन्यांनी घर वारसावास्तू म्हणून जाहीर झालं. पुढे डागडुजी निघाली, तेव्हा कमानीतल्या त्या उघड्या विटा मिसेस लिमनी लिंपू दिल्या नाहीत. "झाकायचं नाही, लाह!" इथल्या बोलीतला तो 'लाह' नेहमीसारखा जोडत त्या म्हणाल्या, "ते माझ्या घराचं सर्टिफिकेट."

ताईंच्या पंचाहत्तरीचा सोहळा त्याच व्हरांड्यात करायचं ठरलंय. मंडळानं पुढच्या दाराशी सनई आणि फुलांच्या पायघड्या योजल्या होत्या. मिसेस लिमनी ते सगळं मोडीत काढलं. औक्षण कशाला करतात ते त्यांनी माझ्याकडून समजून घेतलं आणि म्हणाल्या, "आयुष्य वाढावं म्हणून ना? मग दिवा मी ओवाळणार. आणि ती पुढून येणारच नाही, लाह."

तेव्हा ताई, औक्षणाचं तबक मागच्या दारी असेल. मिसेस लिम तिथेच उभ्या असतील. यंदा या, आणि दर वर्षी अशाच, ठणठणीत पायांनी, त्याच दारातून आत येत राहा.