सिस्टरांच्या अंगणातलं वेळ्ळकिल

सिस्टर रस्त्यात भेटल्या की आधी मनगट धरायच्या. क्षणभर नाडी बघून म्हणायच्या, "जित्ता हाय. जाय आता." तुम्ही दर्यापुरात असता तर तुमचंही धरलं असतं. निम्म्या गावाला जन्मताना त्यांनीच हातात घेतलेलं, मलाही. तक्रार कोण करणार?

त्या मूळच्या केरळातल्या. तरुणपणी नर्स म्हणून इकडे आल्या, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावरही इथेच राहिल्या. आमच्या शेजारी दोन खोल्या आणि अंगण. वऱ्हाडी आमच्याहून ठसक्यात बोलायच्या.

त्यांची आई वारली तेव्हा त्या केरळातल्या गावी गेल्या आणि येताना पत्र्याच्या डब्यात एक रोप घेऊन आल्या. वेळ्ळकिल. महोगनीच्या कुळातलं, ओल्या घनदाट जंगलातलं झाड. भावाने घर विकलं होतं, परसातलं जुनं वेळ्ळकिल नव्या मालकाने तोडलं होतं. त्याच्या बुडाशी उगवलेलं हे एवढंच त्यांच्या हाती लागलं.

"सिस्टर, इथल्या उन्हात हे जगन काय?"

"मी नाई जगली?"

उन्हाळ्यात त्या झाडाभोवती गोणपाट बांधायच्या आणि दुपारभर ते ओलं ठेवायच्या. एकदा तर खोलीतला कूलर दारात आणून अंगणाकडे तोंड करून लावलेला. स्वतः घामाघूम. तरी दर मे महिन्यात पानं करपायची, पावसाळ्यात पुन्हा फुटायची. तिकडे म्हणे याचं खोड कवेत मावत नाही. इथे ते माझ्या खांद्याच्या वर कधी गेलं नाही.

संध्याकाळी त्या त्याच्याशी मल्याळममध्ये बोलत बसायच्या. मी थट्टेने विचारलं, "काय सांगून राहिल्या त्याले?"

"दुसऱ्या कोनाले समजते इथं?" त्या हसत म्हणाल्या. मला काही हसू आलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्या घसरून पडल्या, खुबा मोडला. अमरावतीला ऑपरेशन झालं. झाडाचं सगळं आम्ही नवरा-बायको बघत होतो, गोणपाटासकट. तरी ते वाळलं. दवाखान्यात माझा चेहरा बघूनच त्या समजल्या.

"तुह्या हातचं नव्हतं ते," म्हणाल्या. मग भिंतीकडे तोंड करून, "आता कायले राहू इथं?"

इतकी वर्षं त्यांना बोलावणारा भाचा या वेळी त्यांना केरळात घेऊन गेला.

पावसाळ्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. "इथं पाऊसच पाऊस हाय. खिडकीतून मोठं वेळ्ळकिल दिसते." मग म्हणाल्या, "पन वऱ्हाडी कोनीच बोलत नाई रे. बोल ना काही बी."

बाहेर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन भाजीवाली ओरडत होती, "मेथी घ्या वं, सांबार घ्याऽऽ!" मी फोन खिडकीबाहेर धरला. ती गल्लीच्या वळणापलीकडे गेली, आवाज विरला, तेव्हा फोन कानाला लावला.

"सिस्टर, गेली ती."

"थांब रे," त्या हळूच म्हणाल्या, "मले अजून आयकू येऊन राहिलं."