गाठ आत की बाहेर

ताईचे पाय बधिर होत चालले होते, म्हणून एमआरआय काढला होता. डॉक्टरबाईंनी ती फिल्म दिव्याच्या पांढऱ्या काचेवर लावली, तेव्हा माझ्या बहिणीचा कणा मी पहिल्यांदा पाहिला. मणक्यांच्या करड्या रांगेमागून मज्जारज्जू खाली उतरत होता आणि छातीच्या उंचीवर एका पांढऱ्या गाठीपाशी वाकून बाजूला झाला होता.

"गाठ मज्जारज्जूच्या आत असती, तर काढणं फार अवघड गेलं असतं," त्या म्हणाल्या. "ही बाहेरून दाबते आहे. तपासणीच्या वेळी दिलेल्या इंजेक्शननंतर सगळी सारखी उजळली आहे, म्हणजे बहुधा मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाची असावी. नक्की काय ते काढून तपासल्यावरच सांगता येईल."

"बाहेरची आहे ना, मग बरं झालं," ताई म्हणाली आणि मीही सुटकेचा श्वास सोडला.

नंतर त्या श्वासाचीच मला भीती वाटली. आधी आम्ही म्हणत होतो, काही नसू दे. मग म्हणू लागलो, असली तर साधी असू दे. माणसाचं मागणं किती मुकाट्याने लहान होत जातं.

ऑपरेशनमध्ये गाठ पूर्ण निघाली. ती आवरणाचीच होती, साधी होती. पण दाबलेला मज्जारज्जू अजून सावरलेला नाही. आज सकाळी ताई माझा हात धरून स्वयंपाकघरापर्यंत चालत आली. तिथे थांबून तिने खाली पाहिलं आणि हळूच विचारलं, "पाय टेकलेत ना गं माझे?"

"टेकलेत," मी म्हणाले.