नांगर ओढणारी मोटर
खांद्याच्या ऑपरेशननंतर मला रामटेककडच्या तलावातल्या आमच्या बोटीचा नांगर हातानं ओढवेना, म्हणून मी त्याला बॅटरीवरची मोटर बसवली. वायरिंग मीच केलं. पण बटण दाबलं की नुसतं टक् वाजायचं, साखळी हलायची नाही. बॅटरी तर फुल होती. बटण बोटीच्या मागच्या टोकाला, मोटर पुढच्या. बटण दाबून त्याच वेळी मोटरपाशी व्होल्टेज मोजायचा मीटर धरणं एकट्याला जमणारं नव्हतं.

बायको काठावर बसली होती. पाण्याच्या भीतीनं ती आजवर बोटीत चढली नव्हती.

"कोणाले बोलवू आता?" मी म्हणालो.

"मले सांगा, काय दाबायचं ते," म्हणत ती चढलीच.

तिनं बटण दाबलं, तर मोटरपाशी मीटरवर बॅटरीच्या निम्माच आकडा आला. म्हणजे करंट वाटेतच अडत होता. शोधलं तर निगेटिव्ह वायरचं टोक मी मोटरच्या लोखंडावर, रंग न काढताच आवळलेलं. रंग खरवडून ते पुन्हा घट्ट केलं.

"दाब वं!"

मोटर घुरघुरली, साखळी वर येऊ लागली.

काठावर उतरताना ती बोटीची कड सोडेना. ते पाहून माझ्या तोंडून थँक्यू निघालं.

"असू द्या," ती म्हणाली, "आता मले घरी न्या."