आधी वीस मोजा

आमच्याकडे किस्से साठले ते फायलींपेक्षा भरभर, आणि बहुतेक सगळे एकाच बेसिनपाशी! नव्वदच्या दशकात मुरबाडच्या एका दवाखान्यात मी डॉक्टर होते. कमी दिवसांच्या बाळांसाठी तिथे एक खोली होती. एका आठवड्यात तिथली तीन बाळं रक्तातल्या जंतुसंसर्गाने गेली. जंतू आमच्याच हातांवरून आत पोचले होते. तिसरं बाळ गेलं त्या संध्याकाळी, ती खोली सांभाळणाऱ्या मालती सिस्टरनी दारावर खडूने लिहिलं, ‘कोपरापर्यंत साबण. वीस मोजा. मग आत.’

मला म्हणाल्या, “चौथं बाळ मी जाऊ देणार नाही.”

*

पहिली पकडली गेले ती मीच. घाईत होते.

“मॅडम, बारानंतर एकदम वीस कुठल्या शाळेत शिकवतात?”

पुन्हा धुतले. राग आला होता, तरी मोठ्याने मोजून.

*

मग एक पुढारी आले, फोटोग्राफर घेऊन. “सिस्टर, मी दोनच मिनिटं थांबणार आहे.”

“मग त्यातलं एक इथे घालवा!”

साहेबांनी अंगठ्या खिशात टाकल्या आणि मुकाट्याने मोजायला लागले. फोटो निघाला तो बेसिनपाशीच.

*

वैशाखरे गावच्या सुगंधाचं बाळ आठव्या महिन्यातच आलं, आणि त्याच्याही रक्तात जंतू सापडले. दूध पाजायला आत जायचं, तर हातात हिरवा चुडा. सिस्टरनी बेसिनवरचा खिळा दाखवला. सासू आडवी आली, “बालंतिणीचे हात मोकले नाय ठेवायचे गो!”

सुगंधाने साबण लावून एकेक बांगडी उतरवली. “आत्या, हात भरलेले हवेत का पाळणा?”

सासूने स्वतःच चुडा खिळ्याला अडकवला.

*

पाचव्या दिवशी सकाळी ओपीडीत निरोप आला, सुगंधाच्या बाळाचा श्वास थांबलाय. मी धावत सुटले. सिस्टर आत रबरी पिशवी दाबून बाळाला श्वास देत होत्या. दारात सुगंधा उभी, दोन्ही हात पसरून.

“बाई, हात!”

“अगं, तुझंच बाळ आहे ना!”

“म्हणून तं! सिस्टर हायेत आत. तुमी धुवा.”

मी धुवायला लागले. ती मोठ्याने मोजत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चौदाला आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. बारीकसं, पण रडणंच! नळ बंद करून मी तशीच दाराकडे वळले.

सुगंधा जागची हलली नाही. हुंदका गिळून म्हणाली, “पंधरा!”