मामानं ठासलेलं ग्रीस

चाकाच्या मधोमध बसणारं हब तपासायचं काम मामा गेली बावीस वर्षं करत होता आणि त्याचा त्याला चांगलाच तोरा होता, नाही कशाला म्हणा! सायकलच्या सुट्या भागांच्या त्या कारखान्यात मोठ्या साहेबापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला मामाच म्हणायचे. त्याची सख्खी भाची बीएमएक्सच्या, म्हणजे उड्यांच्या सायकल शर्यतींत उतरायची आणि कारखान्याची नवी चाकं मातीच्या ट्रॅकवर पळवून बघायची. तिच्या तोंडचं नाव सगळ्यांनी उचललं.

त्या खेपेला मागच्या चाकाचं नवं हब आलं. इतकं हलकं, की मामानं ते तळहातावर दोनदा झेललं. "अरे, हे हब आहे की बांगडी?" आस पोकळ, आतले खटके नखाएवढे, त्यांच्यामागच्या स्प्रिंगा तर डोळे बारीक करून बघाव्या लागाव्यात अशा. पायडल मारलं की हे खटके दातेरी कड्यात अडकतात आणि चाक ओढलं जातं. सगळा खेळ त्या खटक्यांचा. मामानं हब तोललं, फिरवलं, वजनं टांगून आस वाकते का पाहिलं. एकूण एक चाचणीत पास.

मग सवयीनं त्यानं ते उघडलं आणि पांढरं घट्ट ग्रीस ठासून भरलं. जुन्या दणकट हबांत तो तेच भरायचा. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, फक्त पातळ तेलाचे दोन थेंब. पण कागद वाचेल तो मामा कसला! बावीस वर्षं काय गवत उपटत होता?

ते हब भाचीच्या सायकलला बसलं. ट्रॅकवर पहिल्याच उडीआधी तिनं उभं राहून जोर लावला. नाजूक स्प्रिंगांना त्या ग्रीसमधून खटके वर ढकलता येईनात. पायडल मोकळंच फिरलं आणि पोर तोंडावर आपटली. खांद्याजवळचं हाड मोडलं, पुढचा एक दात गेला.

त्याच दुपारी मामानं हब उघडून बघितलं. खटके ग्रीसमध्ये रुतून बसलेले. दार लोटून त्यानं सगळं फडक्यानं पुसून काढलं आणि अहवालात लिहिलं, 'कारण: तपास चालू.' कसला तपास आणि कसलं काय!

रोज संध्याकाळी तो बहिणीकडे जाऊन भाचीच्या पलंगाशेजारी बसायचा. खरं सांगायचं ठरवून जायचा आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परतायचा. बहीण चहा पुढे ठेवत म्हणायची, "तू येतोस म्हणून तिला धीर आहे रे." तो चहा त्याला विषासारखा लागायचा. भित्रा होता मामा, दुसरं काय म्हणायचं?

नवव्या दिवशी भाचीनं डाव्या हातानं हेल्मेट त्याच्यापुढे सरकवलं. "क्लबात कुणाला तरी देऊन टाक. मला नाही जमणार आता."

"असं काय बोलतेस गं?"

"मी घाबरले, मामा. ऐन वेळी पाय चुकला माझा. रोज तेच डोळ्यांपुढे येतं. रात्र रात्र तेच." ती रडायला लागली.

आता मात्र मामाला राहवेना. "तुझा पाय नाही चुकला," तो कसाबसा म्हणाला. "माझं चुकलं. तेल घालायचं तिथे मी ग्रीस भरलं. त्यात खटके अडकले."

तिनं डोळे पुसले.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे मी इथे रडत होते, माझंच चुकलं म्हणत होते, तेव्हा तू इथेच बसला होतास?"



भाची एका हातानं पलंगाचा कठडा धरून सावकाश उठली. त्यानं आधाराला हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. दारापर्यंत जाऊन तिनं आत हाक मारली, "आई, मामाला घरी जायचंय."